एल्फ कुळांची नावं : नोल्दो आणि गोलोध एकच कसे, आणि ही नावं ठेवली कुणी?

पिंपळपान

नमस्कार मंडळी, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनच्या एल्फ भाषांबद्दल एक प्रश्न आहे, खरं तर तीन-चार आहेत पण एकमेकांत इतके गुंतलेत की वेगळे काढून विचारता येत नाहीयेत, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मी सध्या एल्फांच्या कुळांच्या नावांचा एक तक्ता करतेय. एका बाजूला क्वेन्या, दुसऱ्या बाजूला सिंदारिन (त्याच्या दोन मुख्य एल्फ भाषा), आणि डावीकडे जमलं तर मूळ धातू. सुरुवात झकास झाली, एल्दार-एधिल वगैरे पटापट भरलं, पण मग नोल्दोरपाशी अडकले. क्वेन्यात नोल्दो, सिंदारिनमध्ये गोलोध. दोन्हीचा अर्थ तोच, माणसं तीच, पण शब्द बघितले तर यांचं एकमेकांशी काही नातं असेल असं वाटतच नाही. न चा ग कसा झाला? का हे दोन वेगळे शब्दच आहेत?

दुसरं म्हणजे अर्थ. तेलेरी म्हणजे 'शेवटचे', आवारी म्हणजे 'नाही म्हणणारे', नान्दोर म्हणजे 'मागे फिरलेले', सिंदार म्हणजे 'करडे'. कुठली टोळी स्वतःला 'शेवटचे' म्हणवून घेईल हो? हे मला फार खटकतंय.

तिसरं, लिंदार हे नाव एका ठिकाणी पहिल्या कुळाचं दिलंय आणि दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्या कुळाचं. दोन्हीकडे अगदी ठामपणे. कुठलं खरं मानायचं?

आणि एल्दा म्हणजे 'ताऱ्यांचे लोक' असं मी कायम वाचत आले, पण परवा एकीकडे एधेलचा अर्थ 'चालत निघालेला' असा दिसला. मग एल्दा आणि एधेल एकच का दोन?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा, लांब प्रतिसाद चालतील, आवडतील.

धातुपाठ

पहिला प्रश्न घेतो, कारण माझ्या मते या भाषांचं सगळं सौंदर्य त्या एका जोडीत दिसतं.

नोल्दो आणि गोलोध हे दोन शब्द नाहीतच. एकच शब्द आहे, दोन घरांत वाढलेला. आदिरूप आहे ङ्गोलोदो. धातू ङ्गोल, अर्थ ज्ञान, विद्या, शहाणपण. रोमन लिपीत हा सुरुवातीचा आवाज दाखवायला एन वर खूण करावी लागते, आपल्याकडे ङ तयारच आहे, वाङ्मय मधला. त्यामुळे तुमच्या तक्त्यात नोल्दो च्या जागी ङोल्दो लिहा, अर्धं कोडं तिथेच सुटेल.

आता बघा. शब्दाच्या सुरुवातीला ङ्ग असा जोडआवाज आला की दोन्ही भाषांना तो जड जातो आणि दोघी त्यातला एकेक तुकडा टाकून देतात, पण वेगवेगळा. क्वेन्या नाकातला आवाज ठेवते आणि ग सोडते, म्हणून ङोल्दो. सिंदारिन नाकातला सोडते आणि ग ठेवते, म्हणून गोलोध. हे एकाच शब्दापुरतं नाहीये, नियम आहे. म्ब चंही तसंच, म्बार म्हणजे वस्ती, घर, ते क्वेन्यात मार (एल्दामार म्हणजे एल्फांचं घर, त्यातला मार) आणि सिंदारिनमध्ये बार. न्द चंही तसंच, न्दान्दो म्हणजे मागे फिरलेला, क्वेन्यात नान्दो, सिंदारिनमध्ये दान. तुमच्याच यादीतलं नान्दोर घ्या आणि सिंदारिन बाजूला दान, समूहवाचक दानाथ असं भरा, न आणि द ची हीच अदलाबदल दिसेल.

राहिला शब्दाचा मागचा भाग. तिथे क्वेन्यानं मधला ओ गाळला, ङोलोदो चं ङोल्दो. सिंदारिननं मधला ओ ठेवला पण शेवटचा स्वर टाकला, आणि दोन स्वरांमध्ये सापडलेला द मऊ होऊन ध झाला. (हा ध आपला महाप्राण ध नव्हे, जीभ दाताशी ठेवून हवा घासत काढायचा आवाज आहे, पण देवनागरीत त्याला वेगळं अक्षर नाही म्हणून ध वर भागवतो.) ताळा करून बघायचा असेल तर झाड घ्या. आदिरूप गालादा. क्वेन्यात सुरुवातीचा ग गेला, मधला आ गेला, उरलं आल्दा. सिंदारिनमध्ये गालाध. लोथलोरिएनचे लोक गालाध्रिम, म्हणजे झाडांवरचे लोक, ते यातूनच. आल्दा-गालाध आणि ङोल्दो-गोलोध शेजारी शेजारी लिहून बघा, मागचा अर्धा भाग अगदी त्याच साच्यातून निघालेला आहे.

पुढे मिडल-अर्थच्या तिसऱ्या युगापर्यंत क्वेन्यातही तो ङ बोलताना साधा न झाला, म्हणून आज आपण नोल्दोर वाचतो. पण तेंग्वार लिपीत त्याचं अक्षर वेगळंच राहिलं आणि त्या अक्षराचं नावच ङोल्दो आहे. ही लिपी आपल्याला पटकन कळते कारण तिची मांडणी आपल्या वर्णमालेसारखी उच्चारस्थानानुसार आहे, दंत्य एकीकडे, ओष्ठ्य एकीकडे, कंठ्य एकीकडे, आणि ङ त्याच्या वर्गात आपापल्या जागी बसलेला.

अनेकवचन पण लिहून ठेवा. क्वेन्यात सोपं, ङोल्दोर. सिंदारिनमध्ये शेवटी कधीकाळी ई होती ती स्वतः गेली पण जाताना आतले स्वर वळवून गेली, म्हणून गोलोध चं गेलिध (ली मधला स्वर खरं तर ओठ गोल करून म्हणायची इ आहे), एधेल चं एधिल. आन्नोन-इन-गेलिध म्हणजे नोल्दोरांचं प्रवेशद्वार, त्यात हेच रूप आहे.

आता क्वेन्दी. हे तुम्ही विचारलं नाहीत पण तक्त्याच्या सगळ्यात वर तेच येणार. क्वेन्दी म्हणजे वाचेनं बोलणारे, सगळ्याच एल्फांचं स्वतःसाठीचं सगळ्यात जुनं नाव. सिंदारिनमध्ये शोधायला गेलात तर सापडणार नाही कारण तिथे क्व चा प होतो. तेलेरिनमध्ये, म्हणजे तेलेरी कुळाच्या भाषेत, पेन्दी. सिंदारिनमध्ये ते -पेन असं उरलं, अर्थ घसरत घसरत नुसता 'कुणीतरी, एक जण' इतका झाला, आणि समासात प चा ब होऊन -बेन. हाच बदल तुम्हाला पाठ असलेल्या वाक्यात आहे, मोरियाच्या दारावरचं पेदो मेल्लोन आ मिन्नो. पेदो म्हणजे बोल, आणि त्याचं क्वेन्या भावंड क्वेत-, बोलणे.

सिंदारिन घडवताना टॉल्किनसमोर वेल्श होती आणि क्व चा प हा वेल्शचाच बदल आहे. लॅटिनमध्ये चार ला क्वात्तुओर, वेल्शमध्ये पेद्वार. आणि याच शब्दाची संस्कृत शाखा चत्वार, तिथून आपलं चार. म्हणजे पेद्वार आणि चार सख्खी चुलत भावंडं आहेत, दिसत अजिबात नाहीत. नोल्दो-गोलोध बघून तुम्हाला जे वाटलं ते खऱ्या भाषांतही असंच वाटतं.

निळासमुद्र

दुसऱ्या प्रश्नावर मी लिहिते, कारण मला वाटतं तुम्हाला जे खटकलं तेच या सगळ्या नावांचं मर्म आहे. कुठलंही कुळाचं नाव समोर आलं की आधी विचारायचं, हे बोलतंय कोण?

तेलेरी घ्या. धातू तेले, शेवट होणे, शेवटी येणे. ओरोमे या देवाबरोबर पश्चिमेकडे, समुद्रापलीकडच्या आमान या देवभूमीकडे निघालेल्या तीन जथ्यांमधला हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात मागे रेंगाळणारा जथा, नदी दिसली की थांबणारा, समुद्र दिसला की किनाऱ्यावरच राहणारा. 'शेवटचे' हे नाव पुढे गेलेल्यांनी दिलं. ते स्वतःला काय म्हणत? लिंदार. गाणारे. बाकी काही नाही, फक्त गाणारे. मला हे नाव फार फार आवडतं. आणि ज्या शाखा वाटेत मागे राहिल्या त्यांनीही ते सोडलं नाही. ओस्सिरियांदमधल्या हिरव्या एल्फांचं गाणं नदीपलीकडे ऐकू यायचं म्हणून नोल्दोरांनी त्या प्रदेशालाच लिंदोन म्हटलं, संगीताचा देश.

वान्यार, म्हणजे उजळ, गोरे, सोनेरी केसांचे, हे नाव बहुधा नोल्दोरांनी त्यांच्याकडे बघून ठेवलं. नोल्दोर स्वतः काळ्या केसांचे, त्यामुळे शेजाऱ्यांचे केस हीच गोष्ट पहिल्यांदा डोळ्यात भरली असणार. सिंदार हे नावही नोल्दोरांचंच. आमानहून परत आल्यावर समुद्राअलीकडच्या बेलेरियांदमध्ये हे लोक भेटले, त्यांना करडे म्हटलं. का करडे याची दोन स्पष्टीकरणं आहेत, एक म्हणजे उत्तरेकडचं मिथ्रिमच्या बाजूचं धुकट करडेपण, दुसरं म्हणजे त्यांच्या राजाचं नाव, एल्वे सिंगोल्लो, करड्या झग्याचा. पण सिंदार लोक स्वतःला सिंदार म्हणत नव्हते हो! ते स्वतःला एधिल म्हणत, म्हणजे एल्फ, बस्. आणि आपापसात ओळख सांगायची तर राहत्या जागेवरून, फालाथ्रिम म्हणजे किनाऱ्याचे, इयाथ्रिम म्हणजे कुंपणाचे, त्यांची राणी मेलियान हिच्या जादूच्या कुंपणाआतले. जागेवरून आलेली ही नावं मला सगळ्यात खरी वाटतात.

आवारी हे नाव तर सरळ निकाल दिल्यासारखंच आहे. ओरोमेनं बोलावलं, काही गेले, काही राहिले. जे गेले त्यांच्या भाषेत राहिलेले 'नाकारणारे' झाले. राहिलेल्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं?

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, स्वतःहून घेतलेलं दुःखाचं नाव. एल्वे जंगलात हरवला तेव्हा त्याचे सगेसोयरे त्याला शोधत मागे राहिले आणि बाकीचे निघून गेले. या मागे राहिलेल्यांनी स्वतःलाच एग्लाथ म्हटलं, टाकून दिलेले. इथे कुणी दुसऱ्यानं नाव ठेवलेलं नाही, ते त्यांनी स्वतःच लावून घेतलंय. दोरियाथच्या, म्हणजे एल्वेच्या राज्याच्या भागाचं जुनं नाव एग्लादोर, तेही याच लोकांवरून.

आणि मग कालाक्वेन्दी आणि मोरिक्वेन्दी, प्रकाशाचे एल्फ आणि अंधाराचे एल्फ. आमानमधल्या दोन झाडांचा प्रकाश ज्यांनी पाहिला ते प्रकाशाचे. या हिशोबानं सगळे सिंदार अंधारात गेले, फक्त त्यांचा राजा थिंगोल (म्हणजेच वरचा एल्वे सिंगोल्लो) सोडून, कारण तो दूत म्हणून जाऊन ती झाडं स्वतः पाहून आला होता. तरीही नोल्दोर राजपुत्र कारान्थिर रागाच्या भरात त्याला गुहेतला अंधारा एल्फ म्हणतो! म्हणजे तोवर त्या शब्दातली माहिती गेली आणि नुसता अपमान उरला. सिंदारांनी काय केलं, तेच शब्द घेतले, काल्बेन आणि मोर्बेन (वर धातुपाठ यांनी सांगितलेलं -बेन), पण रेघ दुसरीकडे मारली. आवारी सोडून बाकी सगळे एल्फ काल्बेन, म्हणजे अर्थातच आपणही. अंधार तो पलीकडे, पूर्वेला.

कोवळीपालवी

मस्त धागा. एक छोटा प्रश्न मध्येच, हिरव्या एल्फांवरून आठवलं, लेगोलासच्या नावात पण टोळीचं नाव आहे का? हिरवं पान असा अर्थ वाचलाय.

धातुपाठ

टोळीचं नाव नाही, पण धातू तोच. लाएग म्हणजे ताजं हिरवं, कोवळ्या पाल्याचं हिरवं. हिरव्या एल्फांना क्वेन्यात लाइक्वेन्दी, सिंदारिनमध्ये लाएग्रिम, -रिम म्हणजे समुदाय. शुद्ध सिंदारिनमध्ये त्याचं नाव लाएगोलास व्हायला हवं, लाएग अधिक गोलास, गोलास म्हणजे एका पानापेक्षा पानांचा संभार. लेगोलास हे जंगलातल्या बोलीतलं रूप आहे असं टॉल्किननंच पत्रात सांगितलंय. म्हणजे नावातला तो आएचा ए झालाय ना, त्या एका स्वरात मुलगा कुठल्या भागात वाढला ते कळतं.

जुनीपोथी

लिंदारचा घोळ मी सोडवतो. दोन्ही ठिकाणचं बरोबर आहे, फक्त साल वेगळं आहे.

टॉल्किननं या भाषांचा पहिला शब्दसंग्रह 1915 मध्ये सुरू केला आणि 1973 मध्ये तो गेला तोपर्यंत हे काम थांबलं नाही. एवढ्या काळात कुळं साधारण तीच राहिली, नावं मात्र एकावरून उठून दुसऱ्यावर बसत गेली. अगदी सुरुवातीच्या कथांमध्ये तेलेरी हे पहिल्या कुळाचं नाव आहे! हो, जे नंतर 'शेवटचे' झाले तेच नाव. तेव्हा तिसऱ्या, समुद्रकाठच्या कुळाला सोलोसिम्पी म्हणत आणि नोल्दोरांना नोल्दोली. 1930 च्या दशकापर्यंत तेलेरी तिसऱ्या कुळाकडे गेलं आणि पहिलं कुळ झालं लिंदार. मग नंतर पहिल्या कुळाला वान्यार मिळालं, लिंदार मोकळं झालं, आणि 1959-60 च्या सुमारास लिहिलेल्या 'क्वेन्दी आणि एल्दार' या मोठ्या निबंधात ते तेलेरींचं स्वतःचं नाव म्हणून परत आलं. निळासमुद्र यांनी वर दिलंय ते सगळं याच निबंधातल्या व्यवस्थेप्रमाणे आहे. हा निबंध छापला गेला 1994 मध्ये, त्यामुळे त्याआधी केलेल्या याद्यांमध्ये ही माहिती असणं शक्यच नव्हतं, आणि त्या जुन्या याद्या अजून सगळीकडे फिरतायत.

तुम्ही धातू शोधायला बहुतेक 1937-38 च्या आसपासचा तो व्युत्पत्तिकोश वापरत असाल, 1987 मध्ये छापलेला. अफाट काम आहे, धातू, त्याखाली आदिरूप, त्याखाली प्रत्येक भाषेतली रूपं. पण वापरताना एक पथ्य पाळा. त्यात सिंदारिन नावाची भाषाच नाही. जी भाषा पुढे सिंदारिन झाली तिला तिथे नोल्दोरिन म्हटलंय, कारण तेव्हा ती नोल्दोरांची स्वतःची भाषा होती. साधारण 1950 च्या आसपास टॉल्किननं ती उचलून करड्या एल्फांना दिली. आणि हा बदल नुसता लेबलचा नाही बरं का. त्यामुळे अख्खा इतिहास बदलला, नोल्दोर आता क्वेन्या बोलत परत येतात, इथली भाषा त्यांना शिकावी लागते, थिंगोल त्यांच्या भाषेवर बंदी घालतो, आणि एकाच लोकांना दोन नावं मिळतात, घरात ङोल्दो आणि बाहेर गोलोध. तुमचा पहिला प्रश्न पडायला कारणीभूत हीच घडामोड.

तर तक्त्यात एक रकाना वाढवा, सालाचा. कुठलंही रूप लिहिताना ते कुठल्या काळातलं ते टाका. एकच खरं रूप शोधत बसलात तर तक्ता कधीच पुरा होणार नाही.

एल्दा-एधेल बद्दलही थोडं सांगून टाकतो. धातू एल, म्हणजे 'बघा!' एल्फ कुइविएनेनच्या पाण्याकाठी जागे झाले आणि वर पहिल्यांदा तारे दिसले तेव्हा तोंडातून निघालेला तो उद्गार. त्यावरून एलेन म्हणजे तारा आणि एल्दा म्हणजे ताऱ्यांशी नातं असलेला. ओरोमेनं त्यांना त्यांच्याच भाषेत हे नाव दिलं. पण त्याच 1959-60 च्या निबंधात शेजारी दुसरा शब्द उभा आहे, एदेलो, धातू देले म्हणजे चालणे, जाणे, म्हणजे निघालेला, प्रवासाला लागलेला. क्वेन्यात त्याचं एल्दो झालं आणि एल्दाच्या इतकं जवळ आलं की दोघांत गल्लत होऊन एल्दाच उरलं. सिंदारिनमध्ये मात्र ताऱ्यांचा शब्द मागे पडला आणि एदेलो चं एधेल चालू राहिलं. तेव्हा एल्दा आणि एधेल यांचं मूळ वेगळं आहे, माणसं तीच. तुम्ही दोन्ही ठिकाणी वाचलंत ते दोन्ही बरोबर.

निळासमुद्र

जुनीपोथी, देले वरून अजून एक येतं ना, ओधेल! आवादेलो, म्हणजे दूर निघून गेलेला. समुद्र ओलांडून गेलेल्यांना मागे राहिलेले हे म्हणत, आणि मग नोल्दोर परतले तेव्हा ते त्यांनाच चिकटलं. पुढे गोलोध आणि ओधेल यांची सरमिसळ होऊन गोधेल झालं. एधेल आणि ओधेल, एक निघाला आणि एक निघून गेला, केवळ एका स्वराचा फरक. मागे राहिलेल्याच्या तोंडी ओधेल कसं वाटत असेल याचा विचार करा.

पिंपळपान

बाप रे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. ङ ची गोष्ट वाचून लगेच तक्ता उघडला आणि बार-मार, दान-नान्दो एकाखाली एक लिहिलं, आणि खरंच दिसलं! सालाचा रकाना पण करतेय.

दोन गोष्टी राहिल्या. एक, हे तेलेरी-वान्यार जर नंतरची, दुसऱ्यांनी दिलेली नावं असतील तर त्याआधी, सगळे एकत्र असताना, कुळांना काय म्हणत? आणि दोन, सिंदार आणि थिंगोल. दोन्हीत 'करडा' आहे म्हणता, मग एकीकडे स आणि एकीकडे थ का?

धातुपाठ

आधी थ. आदिरूप थिंदा, करडा, चंदेरी करडा. सिंदारिनमध्ये थ तसाच टिकला, म्हणून थिंगोल. क्वेन्यातही मुळात थिंदा होतं पण नोल्दोरांच्या बोलण्यात थ चा स झाला, म्हणून सिंदा, सिंदार, सिंगोल्लो. वान्यारांनी मात्र थ सोडला नाही.

आणि हा बदल झाला त्यावरून घरात भांडण पेटलं. नोल्दोर राजपुत्र फेआनोर, त्याच्या आईचं नाव मीरिएल थेरिंदे, थेरिंदे म्हणजे सुईकाम करणारी, आणि तिचा स्वतःचा आग्रह होता की नाव थ नं घ्यावं. ती गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, सगळे सर्रास सेरिंदे म्हणायला लागले, आणि फेआनोरला त्या प्रत्येक स मध्ये आईचा अपमान ऐकू यायला लागला. स म्हणणारा तो परका, इथपर्यंत गोष्ट गेली. 1968 मध्ये लिहिलेला आणि 1996 मध्ये छापलेला एक अख्खा निबंध या एका वर्णावर आहे. ध्वनिबदल म्हणजे कोरडा नियम असं ज्यांना वाटतं त्यांनी तो जरूर वाचावा. तुमच्या तक्त्यात सिंदार च्या शेजारी थिंदार असं जुनं रूप टाका, म्हणजे थिंगोल एकटा पडणार नाही.

निळासमुद्र

आणि सगळ्यात जुनी नावं म्हणजे नुसते क्रमांक! मिन्यार, तात्यार, नेल्यार. पहिले, दुसरे, तिसरे. मिन्यार पुढे वान्यार झाले, तात्यारांतले जे निघाले ते नोल्दोर, आणि नेल्यार म्हणजे आपले गाणारे.

याची एक कथा आहे, एल्फ मुलांना आकडे शिकवायची गोष्ट म्हणावी अशी. सगळ्यात आधी तीन पुरुष जागे झाले, इमिन, ताता आणि एनेल, आणि शेजारी त्यांच्या बायका इमिन्ये, तातिये, एनेल्ये. सहा जण फिरायला निघाले. वाटेत झोपलेल्या सहा जोड्या सापडल्या, इमिन सगळ्यात थोरला म्हणून म्हणाला या माझ्या. पुढे नऊ जोड्या सापडल्या, त्या तातानं घेतल्या. मग बारा, त्या एनेलच्या. आता परत इमिनची पाळी, समोर अठरा जोड्या आल्या, पण त्यानं विचार केला की दर वेळी संख्या वाढतेय तर आपण थांबू आणि शेवटची सगळ्यात मोठी घेऊ. अठरा तातानं घेतल्या. चोवीस आल्या, इमिन तरीही थांबला, त्या एनेलनं घेतल्या. आणि मग पुढे कुणी सापडलंच नाही. हिशोब करा, इमिनचे 14, ताताचे 56, एनेलचे 74, एकूण 144, म्हणजे बारा बारे, आणि एल्फ मोजतात ते बाराच्याच हिशोबानं. थोरलं कुळ सगळ्यात लहान का आणि धाकटं सगळ्यात मोठं का, हे त्या एका वाट बघण्यात बसवलंय.

गोष्टीत असं म्हणतात की एक, दोन, तीन हे शब्द या तिघांच्या नावांवरून आले. पण टॉल्किननं खाली टीप देऊन सांगितलंय की खरा क्रम उलटा असावा, भाषा तयार झाली, आकडे तयार झाले, मग या तिघांना त्या आकड्यांवरून नावं पडली. म्हणजे कल्पित लोकांची त्यानं लोकव्युत्पत्तीसुद्धा रचली आणि वर ती खोडणारा अभ्यासकही उभा केला. केवढा विचार!

याच आकड्यांत पुढचे फाटे पण दिलेत. मिन्यारांतले 14 च्या 14 निघाले, मागे एकही नाही. तात्यार अर्धे, 28 गेले 28 राहिले. नेल्यारांतले 46 गेले, 28 राहिले. म्हणून कुठल्याही आवारीचं मूळ दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या कुळातच शोधायचं.

जुनीपोथी

आणि त्या राहिलेल्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं, असं तुम्ही वर लिहिलं होतंत ना. त्याचं उत्तर 'क्वेन्दी आणि एल्दार' या निबंधातच आहे. आवारींच्या सहा बोलींमधली स्वतःसाठीची नावं टॉल्किननं देऊन ठेवलीत : किन्दी, कुइंद, ह्वेन्ती, विन्दान, किन्न-लाई, पेन्नी. सहाच्या सहा एकाच शब्दावरून आलेली, क्वेन्दी. कुठे क्व मधला व गेला, कुठे क घासून ह झाला, कुठे क पूर्णच गेला आणि व उरला, कुठे थेट प. त्या बोलींचं यापलीकडे फारसं काहीच दिलेलं नाही, पण या सहा शब्दांवरून त्या एकमेकींपासून किती लांब गेल्या होत्या हे कळतं. आणि ज्यांना निघून गेलेले 'नाकारणारे' म्हणत होते ते सगळे, इतक्या लांब लांब विखुरल्यावरसुद्धा, स्वतःला अजून वाचेनं बोलणारेच म्हणत होते.

पिंपळपान

या सहा नावांसाठी आवारी असा वेगळा रकाना केला होता. तो खोडला, सहाही नावं सगळ्यात वर क्वेन्दीच्या खाली घेतली, पेन्दी आणि -पेन च्या रांगेत, आणि 'आवारी' शब्दापुढे कंसात लिहिलं, एल्दारांनी दिलेलं.